पीसी की कन्सोल? आधी घरातला बोर्ड बघा

दिवाळीच्या तोंडावर औश्याहून भाच्याचा फोन आला. "मामा, पीएस फाईव्ह घेऊ की पीसी? आजोबा सोयाबीनच्या पट्टीतले सत्तर हजार द्यायलेत." पीएस फाईव्ह म्हणजे सोनीचा कन्सोल, टीव्हीला जोडून गेम खेळायचं यंत्र. पोरगा इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाला आहे, रोज एसटीने लातूरला ये-जा करतो. त्याने आठवडाभर व्हिडिओ पाहिले होते. फोर-के, रे ट्रेसिंग, टेराफ्लॉप्स सगळं तोंडपाठ. मी विचारलं, "तुझ्या खोलीतल्या थ्री-पिन बोर्डाला अर्थिंग आहे का?" तिकडून आवाजच येईना.

हे व्हिडिओ करणाऱ्यांच्या घरी बहुतेक लाईट जात नसावी. परभणीत बसून गेली बारा-तेरा वर्षं मी दोन्हीकडे खेळलोय, दोन्ही बिघडवलीयत. मला विचाराल तर आपल्याकडे हा निर्णय चित्राच्या झगमगाटावर होतच नाही. तो घराच्या वायरिंगवर, उन्हावर, नेटवर आणि संध्याकाळी टीव्हीचा रिमोट कोणाच्या हातात असतो यावर होतो. म्हणून पायऱ्या त्याच क्रमाने सांगतो. दुकान सगळ्यात शेवटी.

पायरी पहिली: लाईट

२०१९ च्या पावसाळ्यात आमच्या गल्लीत न्यूट्रल गेला. न्यूट्रल तुटला की घरात २३० च्या जागी चारशेच्या जवळपास व्होल्टेज येऊ शकतं. ट्यूबलाईट एकदम पांढरीफटक झाली, पंखा सुसाट सुटला आणि टेबलाखालून फट्ट असा आवाज. माझ्या पीसीत साडेआठशे रुपयांचा लोकल एसएमपीएस, म्हणजे पीसीला वीज पुरवणारा डबा, होता. तो एकटा गेला असता तर काही वाटलं नसतं, पण जाताना मदरबोर्ड आणि हार्ड डिस्कही घेऊन गेला. कॅबिनेट उघडल्यावर जो जळका वास आला तो अजून नाकात आहे.

तेव्हा पहिलं काम, ओळखीच्या वायरमनला बोलवा. फेज आणि अर्थिंग यांच्यात त्याला टेस्ट लॅम्प लावायला सांगा. हे स्वतः करू नका. फेज-न्यूट्रलवर बल्ब जितका लख्ख पेटतो तितकाच इथेही पेटला तर अर्थिंग चांगलं आहे. मिणमिणला किंवा पेटलाच नाही, तर तिसरी पिन नुसती शोभेची. घरात ईएलसीबी (वीज गळाली की लाईट तोडणारा खटका) असेल तर या तपासणीत तो पडेल, ते चांगलंच लक्षण. आपल्या काळ्या जमिनीची आणखी एक खोड म्हणजे उन्हाळ्यात ती भेगाळते, अर्थिंगचा खड्डा कोरडा पडतो आणि पावसाळ्यात नीट असलेलं अर्थिंग एप्रिलमध्ये कुचकामी होतं. कोळसा-मीठ घातलेल्या त्या खड्ड्यात उन्हाळाभर आठवड्याला दोन बादल्या पाणी ओता. पीसीच्या पत्र्याला हात लावल्यावर मुंग्या येत असतील तर समजा, खड्डा पाणी मागतोय.

दुसरं, व्होल्टेज. गावाकडे रब्बीत मोटारी चालू झाल्या की दाब पडतो आणि मोटारी बंद झाल्या की चढतो. मेन बोर्डात व्होल्टेज ठरावीक मर्यादेबाहेर गेलं की लाईट तोडणारं ओव्हर-अंडर व्होल्टेजचं यंत्र बसवून घ्या. एका नव्या गेमपेक्षा स्वस्तात पडतं. घरातला फ्रीजही वाचतो, त्यामुळे पैसे वडिलांकडून काढायला सोपं.

तिसरं, लाईट गेल्यावर काय? इथे पीसी आणि कन्सोल वेगळे वागतात.

गेमिंग पीसी खेळताना साधारण २५० ते ३०० वॅट खातो. बाजारातला सहाशे व्हीएचा यूपीएस म्हणजे जेमतेम ३६० वॅटचा. तो गेम सेव्ह करून मशीन बंद करण्यापुरती चार-पाच मिनिटं देईल, पण काठावर चालेल आणि त्याची बॅटरी वर्षभरात बसेल. हजार-अकराशे व्हीएचा घ्या. दुकानदार "दोन तास चालतो" म्हणाला तर त्याला ग्राफिक्स कार्डाचं नाव सांगा आणि पुन्हा विचारा.

पीएस फाईव्ह लाईट गेल्यावर पुन्हा चालू करताना "नीट बंद केला नव्हता" म्हणून रागावतो, स्टोरेज तपासतो आणि बहुतेक वेळा पुढे जातो. पण रेस्ट मोडवर ठेवून झोपायची सवय मात्र सोडा. त्या मोडमध्ये तो आतून जागाच असतो. रात्री तीनदा लाईट जाणाऱ्या गावात कन्सोल पूर्ण बंद करून बोर्डाचं बटण खाली करायचं.

घरी इन्व्हर्टर असेल तर त्याच्या मागे एक छोटा खटका शोधा. बऱ्याच इन्व्हर्टरला यूपीएस मोड आणि साधा मोड असे दोन पर्याय असतात. साध्या मोडमध्ये लाईट बदलायला थोडा जास्त वेळ लागतो. पंख्याला ते कळत नाही, पीसीला कळतं आणि तो रिस्टार्ट होतो. खटका यूपीएस मोडवर टाकला की पुष्कळ जणांचं काम तिथेच होतं. इन्व्हर्टर जुना स्क्वेअर वेव्हचा असेल तर चांगला एसएमपीएस त्यावर घूं घूं करतो. त्यावर ना पीसी लावा, ना कन्सोल.

बिलाचं म्हणाल तर लोक उगाच घाबरतात. कन्सोल दोनशे वॅट आणि वर टीव्ही शंभर, किंवा पीसी आणि मॉनिटर मिळून तीनशे, आकडा जवळपास तोच. रोज तीन तास धरले तर महिन्याला सत्तावीस युनिट. मायक्रोसॉफ्टचा कन्सोल एक्सबॉक्स सिरीज एस यात सगळ्यात काटकसरी, शंभर वॅटच्या आत खेळतो. प्रश्न युनिटांचा नाही, स्लॅबचा आहे. घर शंभर युनिटांच्या आत बसत असेल तर हे सत्तावीस धरून जितकी युनिटं शंभरच्या वर जातील तितकी वरच्या दराने लागतील आणि मग घरात कोणामुळे बिल वाढलं याची चर्चा होईल. उन्हाळ्यात कूलरमुळे शंभरची रेष तशीही ओलांडलेली असते. तेव्हा हे सगळे सत्तावीस वरच्याच दराने लागतात.

पायरी दुसरी: ऊन, धूळ आणि कूलर

सोनीने पीएस फाईव्हसाठी चालवण्याचं तापमान ५ ते ३५ अंश सेल्सिअस दिलंय. "जगात जर्मनी, भारतात परभणी" म्हणणाऱ्या आमच्या गावात मे महिन्यात दुपारी पत्र्याच्या खोलीत काय होत असेल ते सांगायला नको. म्हणून एप्रिल-मेमध्ये खेळ रात्री नऊनंतर किंवा सकाळी. कन्सोल टीव्ही शोकेसच्या बंद कप्प्यात ठेवू नका, चारी बाजूंनी वीतभर जागा सोडा.

खरा शत्रू मात्र कूलर. पीसी गरम होतो म्हणून त्याचं कॅबिनेट वाळ्याच्या कूलरसमोर लावणारे मी तीन जण पाहिलेत. कूलरची हवा ओली असते, त्यात बारीक तुषार असतात, आणि आपल्या बोअरच्या पाण्यात क्षार इतके, की कूलरच्या जाळीवर महिन्याभरात पांढरी खपली धरते. तीच खपली पीसीच्या पंख्यावर आणि बोर्डावर बसते. एकाच्या ग्राफिक्स कार्डाच्या पिनांवर चुना लावल्यासारखा थर होता. कूलरची दिशा माणसाकडे, मशीनला साधा पंखा, आणि एक खिडकी उघडी.

सोयाबीनची मळणी संपली की रस्त्याकडेच्या घरांत बारीक भुसा शिरतो. पीसी असेल तर दोन महिन्यांतून एकदा झाकण काढून ब्लोअर मारा. मारताना पंख्याचं पातं बोटाने धरून ठेवा, नाहीतर उलटं गरगरून बिघडतं. पीएस फाईव्हच्या बाजूच्या पट्ट्या हाताने निघतात. आत धूळ साठण्यासाठीच केलेली भोकं आहेत, तिथे व्हॅक्यूम लावायचा. याहून आत कन्सोल उघडू नका. सफाईत पीसी जिंकतो, कारण तो तालुक्याच्या गावातलं पोरगंही उघडून जोडू शकतं.

पायरी तिसरी: नेट

आजचे मोठे गेम शंभर जीबीच्या घरात जातात. फायबरवर ४० एमबीपीएस खरोखर मिळत असेल तर शंभर जीबीला साडेपाच तास. मोबाईलच्या रोजच्या दीड जीबीवर तेच काम दोन महिन्यांहून जास्त चालेल, आणि मधे अपडेट आला तर दिवस पुन्हा मोजायचे. तेव्हा वाडी-तांड्यावर फक्त मोबाईल नेट असेल तर डिस्कवाला कन्सोल हा शहाणपणाचा पर्याय. बहुतेक गेमचा मोठा भाग डिस्कवरूनच आत जातो, नेटवरून नंतरचे अपडेट तेवढे. काही डिस्क मात्र अर्धवट असतात, घेण्याआधी डब्यावरची बारीक अक्षरं वाचा.

पीसीवाल्यांनाही वाट आहे. मित्राकडे तोच स्टीमवरचा (स्टीम म्हणजे पीसी गेमचं ऑनलाईन दुकान) गेम उतरवलेला असेल तर त्याच्या मशीनमधलं गेमचं फोल्डर बाहेरच्या हार्ड डिस्कवर आणा, आपल्या स्टीमच्या फोल्डरात ठेवा आणि इन्स्टॉल दाबा. स्टीम आहे ते तपासून उरलेलंच उतरवतं. गेम आपल्या खात्यात असायला हवा हे उघड आहे. २०२३ पासून एकाच वायफायवरच्या दोन पीसींत थेट पाठवायचीही सोय झाली आहे. जिंतूरचा माझा एक मित्र एसटीने हार्ड डिस्क पाठवतो, मी परत पाठवतो. कंडक्टरला अजून वाटतं आम्ही लग्नाचे व्हिडिओ करतो.

ऑनलाईन नेमबाजी खेळणाऱ्यांसाठी वेगापेक्षा पिंग, म्हणजे सर्व्हरपर्यंत जाऊन यायला लागणारा वेळ, महत्त्वाचा. व्हॅलोरंटचे सर्व्हर मुंबईत आहेत, त्यामुळे फायबर असेल तर इथूनही काम भागतं. फक्त राउटरपासून खोलीपर्यंत लॅनची वायर ओढा. दोन भिंती ओलांडून येणाऱ्या वायफायवर हरलात तर दोष मशीनला देऊ नका.

पायरी चौथी: कोण, काय आणि कोणाच्या टीव्हीवर

कागद घ्या आणि तुम्हाला खरोखर खेळायचे पाच गेम लिहा. 'कधीतरी' खेळायचे नाहीत, पुढच्या सहा महिन्यांतले.

त्यात व्हॅलोरंट, काउंटर-स्ट्राइक २, डोटा २ असले प्रकार वर असतील तर विषय संपला, पीसी घ्या. काउंटर-स्ट्राइक २ आणि डोटा २ कन्सोलवर नाहीतच. व्हॅलोरंट २०२४ मध्ये कन्सोलवर आला, पण तिथले खेळाडू वेगळे, पीसीवाल्यांशी गाठ पडत नाही. तुमचे मित्र जिथे आहेत तिथे जायचं.

यादीत ईए स्पोर्ट्स एफसी, क्रिकेट २४, गॉड ऑफ वॉर, स्पायडर-मॅन असं असेल तर कन्सोल आरामाचा. सोनीचे मोठे गेम अलीकडे पीसीवरही येतात, पण बहुधा उशिरा. जीटीए ५ कन्सोलवर २०१३ मध्ये आला आणि पीसीवर २०१५ मध्ये. जीटीए ६ चीही घोषणा पीएस फाईव्ह आणि एक्सबॉक्स सिरीजसाठीच झाली. ज्याला पहिल्या दिवशीच खेळायचंय त्याने हे लक्षात घ्यावं, ज्याला दोन वर्षं थांबता येतं त्याने नाही.

आणि टीव्ही. हा मुद्दा कुठल्याच व्हिडिओत नसतो. घरात एकच टीव्ही असेल आणि सात ते दहा आईच्या मालिका असतील, तर कन्सोल म्हणजे रोजची तह-वाटाघाटी. वेगळा मॉनिटर घेऊन कन्सोल त्याला जोडता येतो, पण मग ते पैसेही हिशोबात धरा, आणि कन्सोलचा आवाज एचडीएमआयमधून येतो म्हणून मॉनिटरला हेडफोनची जागा किंवा स्पीकर आहे का बघा. उलट घरात चार भावंडं असतील, दिवाळीला आतेभाऊ-मामेभाऊ जमत असतील, तर सोफ्यावर बसून दोन कंट्रोलरवर क्रिकेट खेळण्यासारखी मजा पीसीच्या टेबलावर येत नाही. पीसीलाही कंट्रोलर लागतो, टीव्हीही लागतो, पण ते उचलाउचलीचं काम कोणी करत नाही. टीव्हीवर खेळताना सेटिंगमध्ये गेम मोड चालू करा. नाहीतर बटण दाबल्यावर बॅट थोडी उशिरा फिरते आणि माणूस स्वतःलाच शिव्या घालत बसतो.

पायरी पाचवी: तीन वर्षांचा हिशोब

पीएस फाईव्ह स्लिम २०२४ मध्ये भारतात आला तेव्हा डिस्कवाला ५४,९९० आणि डिजिटल (डिस्क न घेणारा) ४४,९९० रुपयांचा होता. आजचा भाव दुकानात विचारा. दहा हजार वाचतात म्हणून डिजिटलकडे हात गेला तर जरा थांबा. नवा मोठा गेम साडेतीन ते पाच हजारांना पडतो. डिस्क असेल तर खेळून झाल्यावर ती विकता येते. आम्ही चौघं मित्र वर्गणी काढून एक डिस्क घेतो, आठवडा-आठवडा वाटून खेळतो आणि शेवटी विकून पैसे पुन्हा वाटून घेतो. डिजिटल घेतला की हा सगळा व्यवहार बंद, दुकान एकच आणि तेही सोनीचं.

दुसरा कंट्रोलर सहा हजारांच्या आसपास. शिवाय विकत घेतलेला गेम ऑनलाईन खेळायचा तर कन्सोलवर वर्गणी भरावी लागते. फोर्टनाइट, रॉकेट लीग, ईफुटबॉल यांसारख्या फुकट गेमना ती लागत नाही. पीसीवर ऑनलाईन खेळायची वेगळी वर्गणीच नाही.

पीसी सुरुवातीला महाग आणि पुढे स्वस्त. स्टीमवर रुपयांत भाव आहेत, यूपीआयने पैसे भरता येतात, उन्हाळ्यात आणि वर्षाअखेरीला मोठे सेल लागतात. गेम आवडला नाही तर घेतल्यापासून चौदा दिवसांत आणि दोन तासांहून कमी खेळलेला असेल तर पैसे परत मिळतात. एपिक स्टोअर दर आठवड्याला गेम फुकट देतं. माझ्या खात्यात असे दीडशेच्या वर साठलेत, त्यातले खेळलोय अकरा.

"पेन ड्राइव्हमध्ये गेम भरून देतो" म्हणणारा प्रत्येक गावात एक असतोच. त्या चोरीच्या गेमबरोबर व्हायरसही येऊ शकतो, म्हणून त्याच मशीनवरून वडील पीक विम्याचा अर्ज भरणार असतील तर त्याच्या वाटेला जाऊ नका.

पायरी सहावी: पीसी ठरला तर

ऑनलाईन जाहिरातींत एक सापळा सारखा दिसतो. "आय फाईव्ह, सोळा जीबी रॅम, ग्राफिक्स कार्ड, रंगीत लाईट, फक्त बावीस हजार." ओळखीच्या एकाने मुलासाठी हे घेतलं. मी जाऊन कंट्रोल-शिफ्ट-एस्केप दाबलं, परफॉर्मन्सच्या पानावर गेलो. आय फाईव्ह प्रोसेसर होता तो तिसऱ्या पिढीचा, म्हणजे २०१२ चा. कार्ड जीटी ७३०, २०१४ चं. लाईट मात्र खरंच रंगीत होते. विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि विंडोज ११ ला साधारण आठव्या किंवा त्यापुढच्या पिढीचा इंटेल आणि टीपीएम २.० (सुरक्षेची चिप) लागतो. विंडोज ११ वर व्हॅलोरंट टीपीएम आणि सिक्युअर बूट दोन्ही मागतो. म्हणून 'आय फाईव्ह' ऐकलं की पुढचा प्रश्न "कितवी पिढी?" आणि पैसे देण्याआधी दुकानातच ते पान उघडून बघायचं.

मधल्या बजेटला रायझन ५ ५६०० प्रोसेसर, त्याबरोबर आरएक्स ६६०० किंवा आरटीएक्स ४०६० ग्राफिक्स कार्ड, सोळा जीबी रॅम, एक टीबी एनव्हीएमई (वेगवान एसएसडी), आणि चोवीस इंची १०८०पी मॉनिटर १४४ हर्ट्झचा किंवा पुढचा, म्हणजे सेकंदाला तितक्या वेळा चित्र बदलणारा. रॅम आठ-आठच्या दोन पट्ट्यांत घ्या, सोळाच्या एका पट्टीत नाही. २०२५ च्या अखेरीपासून रॅमचे भाव एआयच्या डेटा सेंटरांमुळे चढलेत, त्यामुळे मागच्या वर्षीचं कोटेशन धरून भांडू नका. एसएमपीएस साडेपाचशे वॅटचा, ८० प्लस ब्राँझ शिक्का असलेला, नामांकित कंपनीचा. तो का, ते पहिल्या पायरीत सांगितलंय.

संभाजीनगरला कॅनॉट परिसरात फिरून तीन कोटेशन घ्या. नांदेडकडची मंडळी देवगिरी एक्स्प्रेसने सिकंदराबादच्या चिनॉय ट्रेड सेंटरला जातात, मुंबईत लॅमिंग्टन रोड आहेच. बाहेरून आणताना दोन-तीन हजार वाचतात, पण पार्ट बिघडला की पुन्हा तीच गाडी पकडावी लागते. कुठूनही घ्या, बिलावर प्रत्येक पार्टचं नाव आणि सीरियल नंबर लिहून घ्या, रिकामे खोके माळ्यावर ठेवा.

घरी आणल्यावर दोन चुका जवळजवळ सगळेच करतात. पहिली, मॉनिटरची वायर मदरबोर्डाच्या वरच्या खाचेत लावतात. ती खाली, आडव्या ग्राफिक्स कार्डाच्या खाचेत लावायची, नाहीतर पंचवीस हजारांचं कार्ड आत झोपून राहतं. दुसरी, विंडोजमध्ये मॉनिटर साठ हर्ट्झवरच ठेवतात. डिस्प्लेच्या सेटिंगमध्ये जाऊन तो १४४ वर न्यावा लागतो, आपोआप जात नाही.

होस्टेलवर राहणाऱ्यांना मी लॅपटॉपच सांगतो. तेवढ्याच पैशात ताकद कमी मिळते, आवाज जास्त येतो, पण आत बॅटरी असल्याने यूपीएसची कटकट नाही आणि सुट्टीत बॅगेत घालून गावी आणता येतो.

पायरी सातवी: कन्सोल ठरला तर

फार काही नाही. बिल करण्याआधी विचारा की बिघडला तर सर्व्हिस सेंटर कुठल्या गावात आहे आणि पाठवणी-आणणीचा खर्च कोणाचा. बिल भारतातल्या वॉरंटीचं आहे का पाहा, दुबईहून आणलेला स्वस्त पडतो पण पुढे कोणी दाद देत नाही. जुना घेत असाल तर विकणाऱ्याच्या घरी जाऊन अर्धा तास खेळा, एक डिस्क आत-बाहेर करून पाहा, दोन्ही कंट्रोलरच्या काड्या सोडून द्या आणि पडद्यावरचा माणूस आपोआप चालायला लागतो का बघा. चालत असेल तर काडी गेली.

माझं स्वतःचं म्हणाल तर आता घरी कन्सोल आहे. दुकान बंद करून आलो की रात्री तासभर मिळतो, त्यात ड्रायव्हर अपडेट करत बसायचा मला कंटाळा येतो. भाच्याच्या कागदावर मात्र पाचपैकी तीन गेम पीसीचे निघाले, टीव्ही ताईचा निघाला आणि कॉलेजात दुसऱ्या सेमिस्टरला ऑटोकॅड. त्याने पीसी बांधून घेतला, बासष्ट हजारांत. उरलेल्यातून अर्थिंगचा नवा खड्डा आणि मेन बोर्डातलं यंत्र झालं. यूपीएस मागवलाय, पुढच्या आठवड्यात येईल. तोवर आभाळ भरून आलं की बोर्डातून वायरच काढून ठेवायची, असं ताईला सांगून ठेवलंय, त्याला नाही.